महागडा मॉनिटर : माल भरण्यापूर्वी हिशेब करा

संगणकाच्या सुट्या भागांचा व्यापार करणाऱ्या आमच्या वाचकांना गिऱ्हाईक हल्ली एक प्रश्न हमखास विचारते. ऑफिसात लागणारा साधा मॉनिटर दहा हजार रुपयांच्या आत मिळतो. मग खेळासाठीचा अगदी नवा मॉनिटर लाखाच्या घरात का जातो? दुकान मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर असो वा तालुक्याच्या गावी, या प्रश्नाचे उत्तर दुकानदारापाशी असले पाहिजे. आपले भांडवल कोणत्या मालात गुंतवावे, हेही त्याच उत्तरावरून ठरते.

वेगाचा हिशेब

मॉनिटर सेकंदाला किती वेळा चित्र बदलतो, ते हर्ट्झमध्ये मोजतात. साध्या ६० हर्ट्झच्या मॉनिटरवर एक चित्र सुमारे १६.७ मिलिसेकंद राहते. १४४ हर्ट्झला हा काळ ६.९ वर येतो, २४० हर्ट्झला ४.२ वर आणि ३६० हर्ट्झला २.८ वर. म्हणजे पहिल्या पायरीला जवळजवळ दहा मिलिसेकंद वाचतात, शेवटच्या पायरीला दीडही वाचत नाही. किंमत मात्र प्रत्येक पायरीला चढतच जाते. आमच्या कारागीर वाचकांना हे नवे नाही. कामावर शेवटचा सफाईचा हात फिरवायला वेळ फार लागतो आणि त्याची पारख असणारे गिऱ्हाईक मोजकेच असते.

पैसा कोठे जातो

२०१८ साली असूसचा पीजी२७यूक्यू आणि एसरचा प्रेडेटर एक्स२७ हे २७ इंची, फोर-के, १४४ हर्ट्झचे मॉनिटर आले. अमेरिकेत त्यांची किंमत १,९९९ डॉलर होती. तेव्हाच्या दराने सुमारे १ लाख ३५ हजार रुपये. पडद्यामागचा प्रकाश ३८४ भागांत स्वतंत्रपणे कमी-जास्त करण्याची सोय त्यात होती. शिवाय ग्राफिक्स कार्ड आणि पडदा यांची गती जुळवणारे एनव्हिडिया कंपनीचे जी-सिंक मॉड्यूल होते. त्यात एक महागडी चिप आणि ३ जीबी मेमरी होती. या मॉड्यूलमुळेच किमतीत ५०० डॉलरच्या आसपास भर पडत असावी, असा अंदाज ते उघडून पाहणाऱ्या जाणकारांनी केला होता.

डेलने २०२२ मध्ये ३४ इंची ओएलईडी मॉनिटर प्रथम जी-सिंक मॉड्यूलसह १,२९९ डॉलरला आणला. त्याच वर्षी वेग थोडा कमी असलेली, मॉड्यूल नसलेली आवृत्ती १,०९९ डॉलरला आली.

दुसरा मोठा खर्च पॅनेलचा. काचेच्या मोठ्या पत्र्यावर थर चढवून त्यातून पॅनेल कापतात. शिंपी ताग्यावर कापड बेततो तसेच हे काम; डाग आला की तो तुकडा बाद. नव्या प्रकारात बाद माल जास्त निघतो आणि त्याचा भार चांगल्या मालावर पडतो. मॉनिटरची ओएलईडी पॅनेले बहुतांशी दक्षिण कोरियाच्या सॅमसंग डिस्प्ले आणि एलजी डिस्प्ले या दोनच कंपन्यांकडून येतात. पुरवठादार मोजके, त्यामुळे घासाघीस करायला वाव थोडा.

व्यापाऱ्याचा धोका

खरी मेख पुढे आहे. २०२५ मध्ये डेलने २७ इंची, फोर-के, २४० हर्ट्झचा ओएलईडी मॉनिटर अमेरिकेत ८९९.९९ डॉलरला आणला. सात वर्षांत माल सरस झाला आणि किंमत निम्म्याहून खाली आली. २०१८ मधला तो माल ज्याच्या फळीवर पडून राहिला असेल, त्याचे भांडवल किती आटले असेल याचा विचार करावा.

करही बदलतो. ३२ इंचांपेक्षा मोठ्या मॉनिटरवर पूर्वी २८ टक्के जीएसटी होता. २२ सप्टेंबर २०२५ पासून तो १८ टक्के झाला. दर उतरेपर्यंत गिऱ्हाईक थांबते आणि तोवर दुकानदाराचा पैसा अडकून पडतो.

म्हणून आमची सूचना अशी, की अगदी नवा माल फळीवर भरू नये. निम्मी रक्कम आगाऊ घेऊन ऑर्डरप्रमाणे मागवावा. दुकानात १४४ ते १८० हर्ट्झचा, रोज खपणारा माल ठेवावा. गिऱ्हाइकाजवळचे ग्राफिक्स कार्ड कोणते, ते आधी विचारावे. कार्ड कमकुवत असेल तर महागडा मॉनिटर घेऊनही त्याला पूर्ण वेग मिळणार नाही आणि तक्रार दुकानदाराकडेच येईल. ओएलईडीच्या पडद्यावर एकच चित्र फार काळ राहिले तर त्याचा कायमचा डाग पडू शकतो. वॉरंटीत हा डाग धरला आहे का आणि ती भारतात चालते का, हे कंपनीकडून लेखी घ्यावे. परदेशातून परस्पर आलेला माल स्वस्त दिसतो, पण तो बिघडला तर दुरुस्तीचा खर्च कोणाच्या माथी येणार, हे गिऱ्हाइकाला विक्रीपूर्वीच स्पष्ट सांगावे आणि तसे बिलावर लिहावे.