कुष्ठरोग, कुळ आणि जीनोम

२००१ सालच्या फेब्रुवारी महिन्यात, एका आठवड्याच्या अंतराने, ‘नेचर’ या विख्यात शास्त्रीय नियतकालिकात दोन दस्तऐवज प्रसिद्ध झाले. पहिला मानवाच्या जीनोमचा, सुमारे तीनशे कोटी अक्षरांचा मसुदा. दुसरा कुष्ठरोगाच्या जंतूचा, साडेबत्तीस लाखांहून थोड्या अधिक अक्षरांचा संपूर्ण जीनोम. पहिल्याचा गौरव सर्व जगभर झाला आणि तो यथोचितही होता. परंतु वर्धा जिल्ह्याच्या दृष्टीने पाहता दुसऱ्या दस्तऐवजाचे मोल तिळमात्र कमी नाही. मनोहरजी दिवाण यांनी विनोबांच्या प्रेरणेने १९३६ साली दत्तपूर येथे ज्यांच्यासाठी कुष्ठधाम उभारले; ज्यांच्यापैकी एक असलेल्या परचुरेशास्त्री या संस्कृत पंडितास सेवाग्रामच्या आश्रमात आश्रय देऊन गांधीजींनी त्यांच्या जखमा स्वहस्ते धुतल्या; हिंगणघाट येथे जन्मलेल्या बाबा आमट्यांनी ज्यांच्यासाठी आपले सर्व आयुष्य वेचले; आणि ज्यांच्या गावोगाव शोधासाठी, शिक्षणासाठी व इलाजासाठी १९५१ साली वर्ध्यास गांधी स्मारक कुष्ठरोग प्रतिष्ठान स्थापन होऊन डॉ. वर्देकरांनी आपल्या कार्याची पद्धतशीर घडी बसविली, त्या सर्व रुग्णांच्या माथी शतकानुशतके मारलेला कुळदोषाचा आरोप तपासण्याचे साधन या दस्तऐवजाने आपल्या हाती दिले.

जीनोम म्हणजे सजीवाच्या पेशीत असलेला डीएनएचा समग्र लेख होय. चार रासायनिक अक्षरांच्या अनुक्रमाने तो लिहिलेला असतो, आणि ज्या तुकड्यांवरून पेशी आपली प्रथिने घडविते त्यांना जनुके म्हणतात. हा लेख वाचण्याच्या शास्त्राविषयी, आणि त्याहून अधिक कुष्ठरोगाविषयी, सुशिक्षितांतही जे गैरसमज रूढ आहेत त्यांचा क्रमाने परामर्श घेणे इष्ट आहे.

गैरसमज पहिला: कुष्ठरोग हा रक्तातून, वंशपरंपरेने येतो.

ही समजूत केवळ अडाण्यांची होती असे नाही. नॉर्वेतील डॅनिएलसन व बोएक या नामवंत वैद्यांनी १८४७ साली आपल्या ग्रंथात हा रोग आनुवंशिक असल्याचे प्रतिपादन केले होते, आणि डॅनिएलसन यांनी तर रोग्याच्या शरीरातील द्रव्य स्वतःस टोचून घेऊन, रोग होत नाही हे पाहून, आपल्या मतास बळकटी आणली होती. पुढे १८७३ साली त्यांचेच जामात आरमाउअर हॅन्सन यांनी बर्गेन येथे रोग्यांच्या गाठींत दंडाकृती जंतू पाहिला आणि रोगाचे कारण वंशात नसून संसर्गात आहे हे मांडले.

तरीही जुने मत का टिकले, याचे उत्तर रोगाच्या संथ चालीत आहे. संसर्गानंतर लक्षणे दिसण्यास सरासरी पाच वर्षे, क्वचित वीस वर्षेही लागतात. तेव्हा बापाच्या अंगावर चट्टा दिसल्यानंतर कित्येक वर्षांनी मुलाच्या अंगावर तो उमटला की, एकाच छपराखाली दीर्घकाळ घेतलेला श्वास कोणाच्या ध्यानात येत नाही आणि एक रक्त मात्र सर्वांच्या ध्यानात येते. जीनोमच्या वाचनाने हा वाद कायमचा मिटला, कारण माणसाच्या जीनोममध्ये कुष्ठरोगाचे म्हणून कोणतेही जनुक नाही. रोग घडविणारा लेख सर्वस्वी एका परक्या जंतूचा आहे. ज्या घरात रुग्ण आहे त्या घरची मुलगी सून म्हणून नाकारणे हे म्हणूनच अन्यायाचे तर आहेच, परंतु शास्त्रदृष्ट्याही निराधार आहे.

गैरसमज दुसरा: आता शास्त्रज्ञच कुष्ठरोगाशी जनुकांचा संबंध सांगतात, म्हणजे जुनी समजूतच खरी ठरली.

येथे थोडे सावकाश विचार करण्याची गरज आहे, कारण अर्धवट ज्ञान अज्ञानाइतकेच घातक ठरू शकते. जंतू शरीरात शिरला तरी शंभरातील सुमारे पंच्याण्णव जणांस हा रोग होतच नाही. त्यांची प्रतिकारशक्ती त्यास थोपवून धरते. उरलेल्यांच्या बाबतीत ती का थोपवू शकत नाही, हा प्रश्न जीनोमविज्ञानाने हाती घेतला. २००४ साली सहाव्या गुणसूत्रावरील ‘पार्क-२’ या जनुकाच्या परिसरातील भेदांचा संबंध दिसून आला. २००९ साली चीनमधील रुग्णांच्या संपूर्ण जीनोमची निरोगी माणसांशी तुलना केली असता ‘नॉड-२’ इत्यादी, जंतूंची चाहूल घेणाऱ्या यंत्रणेतील जनुके पुढे आली. आणि भारतीय रुग्णांच्या अभ्यासातही प्रतिकारयंत्रणेच्याच जनुकांकडे अंगुलिनिर्देश झाला.

परंतु प्रतिकाराचे कमीअधिक बळ वारशाने मिळणे आणि रोग वारशाने मिळणे या दोन सर्वथा भिन्न गोष्टी आहेत. असे भेद प्रत्येक समाजात, प्रत्येक जातीत, प्रत्येक देशात विखुरलेले आहेत. त्यांतील एकेकट्याचा प्रभाव अल्प असतो, आणि ते ज्यांच्या ठायी आहेत अशा बहुसंख्य माणसांस जन्मभर कुष्ठरोग होत नाही. क्षय, हिवताप किंवा पटकी यांच्या बाबतीतही माणसामाणसांत असाच भेद असतो. त्यावरून कोणी त्या रोगांना कुळाचा कलंक म्हणत नाही. शिवाय या शोधाचा लाभ कुष्ठरोगापुरता राहिला नाही. ‘नॉड-२’ हेच जनुक आतड्याच्या क्रोन नामक दीर्घ दाहात, आणि ‘पार्क-२’ हे तरुणपणी जडणाऱ्या कंपवातात गुंतलेले आहे. समाजाने वेशीबाहेर लोटलेल्या एका रोगाच्या अभ्यासातून इतर व्याधींच्या मुळांवरही असा प्रकाश पडतो.

गैरसमज तिसरा: हा जंतू महाबलाढ्य असून रुग्णाच्या नुसत्या स्पर्शाने जडतो.

वस्तुस्थिती याच्या अगदी उलट आहे, आणि जीनोमविज्ञानाचे सर्वांत मनोहर दर्शन येथेच घडते. कुष्ठजंतूचा व क्षयजंतूचा पूर्वज एकच; क्षयजंतूचा जीनोम १९९८ साली वाचला गेला तेव्हा त्यात सुमारे चव्वेचाळीस लाख अक्षरे व चार हजारांच्या आसपास जनुके आढळली. तमिळनाडूतील एका रुग्णापासून मिळालेल्या कुष्ठजंतूचा जीनोम पॅरिसची पाश्चर संस्था व इंग्लंडची सँगर संस्था येथील शास्त्रज्ञांनी, स्टुअर्ट कोल यांच्या नेतृत्वाखाली वाचला, तेव्हा त्यात कार्यक्षम जनुके १,६०४ आणि मोडकळीस येऊन निकामी झालेली १,११६ निघाली. एखाद्या जुन्या वाड्यातील निम्म्याहून अधिक दालने ओसाड पडून कुटुंब दोन खोल्यांत कसाबसा संसार रेटीत असावे, तशी या जंतूची अवस्था आहे.

मानवी पेशीत सारे आयते मिळू लागल्यामुळे स्वतंत्रपणे जगण्याची सामग्री त्याने युगायुगांत गमावली. म्हणूनच प्रयोगशाळेच्या काचपात्रात तो आजतागायत वाढविता आलेला नाही, आणि शरीरातही एकाचे दोन होण्यास त्यास सुमारे दोन आठवडे लागतात, जेथे पुष्कळ सामान्य जंतूंना अर्धा तास पुरतो. बाबा आमट्यांनी कलकत्त्यास कुष्ठरोगाचे शिक्षण घेत असता संशोधनासाठी स्वतःच्या देहात जंतू टोचून घेतले आणि तरीही त्यांस रोग जडला नाही, ही प्रसिद्ध हकीकत या पार्श्वभूमीवर अधिक अर्थपूर्ण होते. संसर्गासाठी उपचार न घेतलेल्या रुग्णाचा दीर्घ व निकट सहवास लागतो. आणि औषधाच्या पहिल्या मात्रांनंतर थोड्याच दिवसांत रुग्णापासून संसर्गाचे भय उरत नाही. जे वापरले जात नाही ते जीनोममधून हळूहळू लोप पावते, हा जीवसृष्टीचा व्यापक नियमही या इवल्याशा जंतूने जितक्या स्पष्टपणे शिकविला तितका क्वचितच कोणी शिकविला असेल.

गैरसमज चौथा: हा पूर्वेकडील देशांचा रोग, युरोपातून तो जंतूच दुबळा झाल्यामुळे गेला.

२००५ साली जगाच्या निरनिराळ्या भागांतील कुष्ठजंतूंच्या जीनोमची तुलना झाली, तेव्हा ते जवळजवळ एकसारखे आढळले. त्यांच्यातील मोजक्या अक्षरभेदांवरून प्रवासाचा माग काढता असे दिसले की, हा जंतू पूर्व आफ्रिका वा नजीकच्या पूर्वेच्या मुलखातून माणसांच्याच स्थलांतरांबरोबर सर्वत्र पसरला, आणि अमेरिका खंडात तो युरोपीय व आफ्रिकी माणसांबरोबर पोचला. २०१३ साली डेन्मार्क, स्वीडन व इंग्लंड येथील मध्ययुगीन अस्थींतून मिळालेले जंतूंचे जीनोम वाचले गेले. ते आजच्या जंतूंहून फारसे निराळे नव्हते. अर्थात युरोपात रोग ओसरला त्याचे कारण जंतू सौम्य झाला हे नव्हे. ते माणसाच्या बाजूस, त्याच्या प्रतिकारशक्तीत व राहणीमानात शोधले पाहिजे. तेव्हा हा रोग कोणत्याही एका देशाचा, वर्णाचा वा धर्माचा नाही.

गैरसमज पाचवा: असले संशोधन प्रयोगशाळेतच शोभते, आर्वी किंवा समुद्रपूर तालुक्यातील रुग्णास त्याचा काय उपयोग?

उपयोग प्रत्यक्ष आहे. एकट्या डॅप्सोनवर भिस्त ठेवल्याने जंतू त्या औषधास दाद देईनासे झाले, तेव्हा जागतिक आरोग्य संघटनेच्या तज्ज्ञांनी १९८१ साली डॅप्सोन, रिफाम्पिसिन व क्लोफाझिमिन या तीन औषधांचा एकत्रित उपचार सुचविला, आणि भारतात तो जिल्हाव्यापी प्रमाणावर ज्या जिल्ह्यांत प्रारंभी अमलात आला त्यांत वर्धा अग्रभागी होता. परंतु याही औषधांना जंतू दाद देतो की नाही हे ओळखण्यासाठी पूर्वी तो उंदराच्या पावलात महिनोन्‌महिने वाढवावा लागे. आता डॅप्सोन व रिफाम्पिसिन यांच्या बाबतीत जंतूच्या डीएनएतील नेमक्या ठिकाणचे लेख वाचून हा निर्णय काही दिवसांत करता येतो.

रुग्णाच्या जीनोमचाही तसाच उपयोग आहे. डॅप्सोनमुळे थोड्या रुग्णांस तीव्र ज्वर, पुरळ व यकृताचा दाह होऊन प्रसंगी प्राणही जातो. ही आपत्ती ‘एचएलए-बी*१३:०१’ या जनुकप्रकाराशी निगडित असल्याचे चिनी शास्त्रज्ञांनी २०१३ साली दाखविले, आणि पुढे तेथे औषधापूर्वी तपासणी करून तो प्रकार असलेल्यांस डॅप्सोन न दिल्याने हा प्रसंग टाळता येतो हे सिद्ध झाले. ज्या ज्ञानाने रुग्ण वाचतो, ते ज्ञान खेड्यातील आरोग्य केंद्रापर्यंत पोचविणे ही शासनाची जबाबदारी आहे.

गैरसमज सहावा: कुष्ठरोगाचे निर्मूलन होऊन गेले आहे.

२००५ साल संपता संपता भारताने जे उद्दिष्ट गाठले ते दहा हजार लोकसंख्येमागे एकाहून कमी रुग्ण असण्याचे होते. रोग नाहीसा होण्याचे नव्हते. आजही आपल्या देशात दरसाल सुमारे लाखभर नवे रुग्ण सापडतात, जगातील एकूण नव्या रुग्णांच्या निम्म्याहून अधिक, आणि विदर्भ त्यास अपवाद नाही.

कायदाही या ज्ञानाच्या मागोमाग हळूहळू चालत आला आहे. निर्धन कुष्ठरुग्णास पकडून कोंडण्याची मुभा देणारा १८९८ चा कायदा २०१६ साली रद्द झाला, आणि २०१९ साली कुष्ठरोग हे घटस्फोटाचे कारण म्हणून विवाहकायद्यांतून काढून टाकण्यात आले. मात्र कायद्याच्या पुस्तकातून जे गेले ते मनातून जाण्यासाठी प्रत्येक घराने काही गोष्टी पत्करल्या पाहिजेत. अंगावर फिकट वा लालसर बधिर चट्टा दिसताच तो न लपविता प्राथमिक आरोग्य केंद्रात दाखवावा. उपचार मोफत असून रोगाच्या प्रकारानुसार सहा किंवा बारा महिन्यांत पुरा होतो, आणि वेळीच घेतला तर हातापायांस विकृती येत नाही. घरातील इतरांनी तपासणी करून घ्यावी आणि आरोग्य सेवक देतील ती रिफाम्पिसिनची एक प्रतिबंधक मात्रा घ्यावी. आणि सोयरीक जुळविताना कोणी कुळाचा दाखला मागू लागलाच, तर त्यास निःशंक सांगावे की, जंतूचा आणि माणसाचा असे दोन्ही लेख वाचून झाले आहेत, आणि त्यांत कुळाविरुद्ध एकही अक्षर निघालेले नाही.