बुधवारी रात्री आठचे ऊन

अलिबागची चुंबकीय वेधशाळा आणि मुंबईच्या विजेच्या ट्राम यांची गोष्ट या आठवड्यात यायची होती. ती पुढच्या खेपेला. हिंदमाताच्या कापडबाजारात उभी हयात गेलेल्या एका वाचकाचे पत्र आले आणि गाडी पुन्हा आडवाटेला लागली. लहानपणी दर बुधवारी रात्री आठला दुकानातल्या रेडिओवर बिनाका गीतमाला लागायची. काटा जागचा हलायचा नाही, तरी गाणे फुगायचे, बुडायचे, कधी नुसतेच थरथरायचे. रेडिओ खराब होता की आकाश, असा त्यांचा प्रश्न.

आकाशच!

१९५२ साली सुरू झालेली गीतमाला निवेदक अमीन सायानी मुंबईतच ध्वनिमुद्रित करत. टेप विमानाने कोलंबोला जायची आणि आवाज रेडिओ सिलोनच्या लघुलहरींवर बसून घरी परतायचा. अंतर सुमारे १५०० किलोमीटर. मध्ये पृथ्वीचा फुगवटा, त्यामुळे लहर वर जाऊन आयनांबरातून, म्हणजे उंचावरच्या विद्युतभारित हवेतून, खाली वळायची. एकाच उडीत आली, तर हे वळण निम्म्या वाटेवर, म्हणजे कर्नाटकातल्या हासनच्या आसपास, जमिनीपासून सुमारे ३०० किलोमीटर उंचीवर पडते.

दिवसा आयनांबराचा ६० ते ९० किलोमीटरवरचा डी थर लहरींची शक्ती खातो. तिथली हवा त्यामानाने दाट, म्हणून सूर्य जाताच सुट्या इलेक्ट्रॉनांना जोडीदार मिळतात आणि थर बघता बघता विरतो. वरच्या एफ थरात तसे होत नाही. तिथे ऑक्सिजनच्या एकट्या अणूंचे आयन असतात आणि त्यांना इलेक्ट्रॉन सहजी पकडता येत नाही. आधी आपला भार एखाद्या रेणूला द्यायचा, मग रेणूने इलेक्ट्रॉन धरायचा. आणि रेणू तर तिथे मोजकेच. म्हणून दुपारी घन सेंटिमीटरमागे दहा लाखांच्या घरात असलेले इलेक्ट्रॉन पहाटेपर्यंतही लाखभर उरू शकतात.

शिवाय त्या उंचीवर सूर्य जमिनीपेक्षा साधारण सव्वा तास उशिरा मावळतो. हिशेब मांडला तर गंमत दिसते: जूनमध्ये गीतमाला सुरू व्हायची ती हासनवरच्या एफ थराच्या ऐन सूर्यास्ताला, डिसेंबरात तिथे अंधार होऊन पाऊण तास झालेला असायचा.

या संधिकाळात थर स्थिर नसतो. एक उडी मारून आलेली लहर आणि दोन उड्या मारून आलेली लहर कधी एकमेकींना हात देतात, कधी खोडून काढतात. थर वरखाली झाला की हा मेळ बदलतो. गाणे फुगते आणि बुडते ते यामुळे.

थरथर वेगळी. भारताच्या दक्षिण टोकाजवळून चुंबकीय विषुववृत्त जाते. थुंबा रॉकेटतळासाठी निवडले गेले ते म्हणूनच. तिथे सूर्यास्ताच्या सुमारास विद्युतक्षेत्र क्षणभर जोर करते आणि एफ थर वर उचलला जातो. त्याचा तळ विरळ, वरचा भाग दाट. पाण्याखाली तेल कोंडावे तशी ही स्थिती! विरळ भागाचे बुडबुडे वर घुसतात, चुंबकीय रेषांच्या बाजूने उत्तरेकडे महाराष्ट्रापर्यंत पसरतात आणि त्यांतून जाणारी लहर विस्कटते. भारतीय भूचुंबकत्व संस्थेच्या कोल्हापूरच्या कॅमेऱ्यांनी रात्रीच्या अंधुक तांबड्या वायुदीप्तीत हे बुडबुडे काळ्या पट्ट्यांसारखे टिपले आहेत.

सौरडाग भरात असलेल्या वर्षांत, विषुवदिनांच्या आगेमागे, आपल्याकडे या बुडबुड्यांचा उच्छाद जास्त. दुकानातली ती थरथर होळी आणि नवरात्राच्या सुमारास वाढायची का, हे आता पत्रलेखकानेच आठवून कळवावे.