भिंतीची ओल आणि गाविलगडची वाट

दसरा उलटला की आमच्या वऱ्हाडात घरोघरी एकच लगबग सुरू होते. चार महिने कोंदटलेल्या गाद्या-वाकळा गच्चीवर पडतात, पेट्या उघडतात, डब्यांना ऊन दाखवले जाते. आमच्या शेंदूरजनाघाटात तर घरांबरोबर झाडांनाही रंग चढतो. सातपुड्याच्या पायथ्याचे हे गाव संत्र्याच्या कलमांसाठी ओळखले जाते. पावसाळा संपला की बागवान एक किलो मोरचूद, एक किलो चुना आणि दहा लिटर पाणी या मापाने बोर्डो पेस्ट करतात आणि झाडाच्या बुंध्याला जमिनीपासून हातभर-दोन हात उंच लावतात, म्हणजे बुरशी चढत नाही. बागेतली झाडे एका ओळीत पांढरे मोजे घालून उभी राहिल्यासारखी दिसतात.

झाडाची काळजी घेणारी आम्ही माणसे घराच्या बुंध्याकडे मात्र लक्ष देत नाही. गेल्या वर्षी आमच्याच घरात हे घडले. आमच्यासारखी अनेक घरे असतील म्हणून ते लिहीत आहोत.

नवे जोडपे, जुनी खोली

आमचा पुतण्या रोपवाटिकेत कलमे बांधण्याचे काम करतो. जंबेरीच्या रोपावर संत्र्याचा डोळा भरायचा, पट्टीने घट्ट गुंडाळायचा. जितके डोळे भरले तितकी मजुरी. गेल्या वर्षी रमजान ईदनंतर त्याचा निकाह झाला. सूनबाईचे माहेर अकोल्याचे, शिक्षण बी.ए., शिवणकामात हात चांगला. वाड्याच्या पश्चिमेकडची खोली दोघांना मिळाली. आमच्या भावजय लग्न होऊन आल्या तेव्हा त्यांनाही तीच खोली मिळाली होती. आमचे थोरले बंधू आता हयात नाहीत. त्या खोलीला त्यांनी स्वतःच्या हातांनी गिलावा केला होता.

पहिल्याच पावसाळ्यात खोलीच्या भिंतीला कमरेपर्यंत ओल चढली. चुन्याचे पोपडे पडू लागले, कपाटातल्या कपड्यांना वास यायला लागला. सूनबाई रात्री खोकायच्या, पण बोलायच्या नाहीत. पुतण्याने शहरातल्या एका दुकानदाराचे ऐकले आणि भिंतीला प्लास्टिकचे पॅनेल ठोकून घेतले. नऊ हजार रुपये गेले. खोली एकदम हॉटेलसारखी चकचकीत दिसू लागली. शेजारच्या बायका येऊन पाहून गेल्या.

खोकला मात्र थांबला नाही. सप्टेंबरात सूनबाई माहेरी गेल्या त्या आठवड्यासाठी, राहिल्या तीन आठवडे. फोनवर विचारले की म्हणायच्या, "येते चाची, अम्मींना जरा बरं नाही." गावात कुजबुज सुरू झाली. पुतण्या जेवताना मान खाली घालून बसायचा. एका संध्याकाळी आमच्याकडे येऊन म्हणाला, "चाचा, मी तिच्यासाठी एवढा खर्च केला, तरी तिला घर आवडत नाही."

आम्ही दोघे त्याच्यासोबत खोलीत गेलो. कोपऱ्यातले एक पॅनेल सोडवून पाहिले. मागे काळीकुट्ट बुरशी, भिंत ओलीगच्च. पुतण्या बराच वेळ तसाच उभा राहिला. मग म्हणाला, "म्हणजे ती या भिंतीला डोके लावून झोपत होती."

सजावटीआधी दुरुस्ती

गावातल्या जुन्या गवंड्याला बोलावले. त्याने भिंतीकडे पाहिलेच नाही. तो आधी बाहेर गेला. छताच्या पन्हाळीचे तोंड फुटलेले, त्यातले पाणी थेट भिंतीच्या पायथ्याशी पडत होते. शिवाय दोन वर्षांपूर्वी अंगणात काँक्रीट केले तेव्हा उतार भिंतीकडे झाला होता. पावसाचे पाणी बाहेर न जाता पायातच मुरत होते. गवंडी म्हणाला, "गुरुजी, दुखणं बाहेर हाये न् तुमी पट्टी आत बांधली."

काम ठरले ते असे. पन्हाळीला नवा पाइप लावून पाणी अंगणापलीकडे काढायचे. भिंतीलगत काँक्रीट फोडून उलट्या उताराची नाली करायची. आतला खराब गिलावा तीन-साडेतीन फुटांपर्यंत खरवडायचा आणि भिंत तशीच उघडी ठेवायची. ऑक्टोबरच्या उन्हात तीन आठवडे दारे-खिडक्या सताड उघड्या. वाळल्याशिवाय नवा गिलावा नाही, गिलाव्यावर घाईने रंग नाही. ओल्या भिंतीवर लावलेला महागडा रंगही पुढच्या पावसाळ्यात फुगून येतो, हे आपण सगळे पाहतो आणि तरी दरवर्षी तेच करतो.

गिलावा खरवडायचे म्हटल्यावर भावजय उठून स्वयंपाकघरात गेल्या. आम्हाला वाटले, खर्चाचा राग असेल. आमच्या घरच्या मंडळी मागोमाग गेल्या तेव्हा कळले, त्या चुलीकडे तोंड करून रडत होत्या. "त्यांच्या हाताचं एवढंच राहिलं होतं," त्या म्हणाल्या.

मार्ग गवंड्यानेच काढला. ओल कमरेपर्यंत आहे, वरचा गिलावा ठणठणीत आहे. मग वरचे कशाला काढायचे? भिंतीतला कोनाडा आणि त्याच्या भोवतीचे बंधूंच्या हाताचे काम जसेच्या तसे ठेवायचे ठरले. पुतण्याने त्याच रात्री अकोल्याला फोन केला. काय बोलला ते आम्हाला ठाऊक नाही, पण दुसऱ्या जुम्मानंतर सूनबाई एसटीतून उतरल्या आणि पदर खोचून पोपडे झाडायला लागल्या.

चुना, पिवडी आणि जुने दुपट्टे

आता सजावटीबद्दल. पुतण्याच्या मनात हप्त्यावर मोठा टीव्ही आणि सोफा होता. सूनबाईंनी वही काढली. दोघांकडे मिळून अठरा हजार होते. दुरुस्तीला साडेअकरा हजार लागले. उरले साडेसहा. त्या म्हणाल्या, "हप्ता नको. डोळे भरायचं काम चार महिने असतं, हप्ता बारा महिने असतो." यावर बोलायला काही उरले नाही. इस्लामने खर्चाला बंदी केलेली नाही, नीटनेटकेपणा तर आपल्या दीनचा भाग आहे. बंदी आहे ती इसराफला, म्हणजे उधळपट्टीला. दोन्हीमधली रेघ कुठे ओढायची ते ज्याने त्याने आपल्या वहीत पाहून ठरवावे.

जुन्या माती-विटांच्या भिंतीला आम्ही चुनाच सुचवला. तो स्वस्त आहे म्हणून नव्हे, चुन्यातून भिंत श्वास घेते म्हणून. उरलीसुरली ओल बाहेर पडते. कळीचा चुना आदल्या दिवशी भरपूर पाण्यात भिजवावा. तो उकळतो, शिंतोडे डोळ्यांत गेले तर इजा होते, म्हणून लेकरांना दूर ठेवावे आणि डोळ्यांवर चष्मा चढवावा. थंड झाल्यावर फडक्यातून गाळावा, त्यात भिजवलेला डिंक घालावा म्हणजे हाताला पांढरे लागत नाही. भिंत आधी पाण्याने ओली करावी आणि जाड एक हात देण्यापेक्षा पातळ तीन हात द्यावेत. लावताना तो पाण्यासारखा दिसतो, वाळल्यावर उजळतो. घाबरून दाट करू नये.

तीन भिंतींना पांढरा आणि खिडकीसमोरच्या एका भिंतीला पिवडी मिसळून हलका पिवळा, असे दोघांनी ठरवले. पुतण्या शिडीवर, सूनबाई खाली बादली धरून. कलमे बांधणारा तो हात, कडा इतक्या सरळ काढल्या की गवंडीही पाहत राहिला. पडदे लग्नातल्या आणि माहेरच्या जुन्या दुपट्ट्यांचे शिवले. उरलेल्या चिंध्यांची चटई झाली. कोनाड्याला आतून चुन्याचा एक हात दिला, त्यात रिहल आणि कुरआन शरीफ ठेवले. भावजयांनी आपल्या पेटीतून क्रोशाचा एक रुमाल काढून दिला. तो त्यांच्या जहेजातला होता. आम्ही तो पहिल्यांदाच पाहिला.

सगळा खर्च चार हजारांच्या आत झाला. राहिले अडीच हजार.

"आताच कुठे फिरायला?"

नोव्हेंबरपासून डोळे भरण्याचा हंगाम लागतो. मग पुतण्याला रविवार नसतो. त्याआधी दोन दिवस कुठेतरी जाऊन यावे अशी दोघांची इच्छा होती. भावजयांच्या कपाळावर आठी पडली. "पैसे उरले तर ठेवावेत. आमच्या वेळी कोण जात होतं फिरायला?"

आमच्या घरच्या मंडळींनी तेव्हा एक हदीस सांगितली, जी आपल्यापैकी बऱ्याच जणांना माहीत असते पण आठवत नाही. प्रेषित मुहम्मद (स.) यांनी एका प्रवासात माननीय आयेशा (रजि.) यांच्याशी धावण्याची शर्यत लावली होती. त्या वेळी आयेशा (रजि.) पुढे गेल्या. पुढे काही वर्षांनी पुन्हा शर्यत झाली तेव्हा प्रेषित (स.) जिंकले आणि हसून म्हणाले की त्या दिवसाची फेड झाली. ज्यांच्या खांद्यावर साऱ्या उम्मतची जबाबदारी होती त्यांना पत्नीसाठी वेळ मिळत होता.

भावजय काही बोलल्या नाहीत. पण शनिवारी पहाटे पराठे आणि उकडलेली अंडी त्यांनीच बांधून दिली.

वऱ्हाडातच किती पाहायचे आहे!

वरूड, मोर्शी, चांदूर बाजार करत दोघे मोटारसायकलने परतवाड्याला पोचले. शंभर किलोमीटरहून जास्त रस्ता. म्हणून एका दिवसात जाणे-येणे न करता अचलपुरात खालाकडे मुक्काम ठरवला होता. आमचा सल्लाही तोच आहे: घाटात अंधार करू नये आणि नात्यात एक रात्र राहिले तर नातेही उजळते.

अचलपूर म्हणजे जुने एलिचपूर, इमादशाहीची राजधानी. गावाबाहेर हौज कटोरा आहे: तलावाच्या मधोमध उभी असलेली बहमनी काळातली अष्टकोनी इमारत. दुपारची नमाज अदा करून दोघे तिथे गेले. सूनबाईंनी फोटो पाठवला आणि खाली लिहिले, "चाचा, हे शाळेच्या पुस्तकात का नाही?" आम्ही शिक्षक, उत्तर द्यायला शब्द सुचले नाहीत.

रविवारी सकाळी चिखलदरा. सुमारे अकराशे मीटर उंचीवरचे हे ठाणे पावसाळ्यात गजबजते, पण आम्हाला ऑक्टोबर अधिक आवडतो. धबधबे बारीक झालेले असतात, पण धुके हटून दऱ्या तळापर्यंत दिसतात. तिथून जवळच गाविलगड. बहमनी सुलतान अहमदशहा वली याच्या काळात, सुमारे १४२५ मध्ये हा किल्ला बांधला गेला. पुढे १४८८ मध्ये फतेहउल्लाह इमादुलमुल्कने त्याची डागडुजी केली. हा फतेहउल्लाह विजयनगरच्या मुलखातला कानडी ब्राह्मण घरातला मुलगा, लहानपणी युद्धात पकडला गेला, वऱ्हाडात वाढला, सुभेदार झाला आणि १४९० च्या सुमारास स्वतंत्र इमादशाहीचा संस्थापक ठरला. किल्ल्याच्या दरवाजावर सिंह आणि दोन तोंडांचा गंडभेरुंड पक्षी कोरलेला आहे. आत तलाव, तोफा आणि सर्वांत उंच जागी जामा मशिदीचे अवशेष. १५ डिसेंबर १८०३ रोजी आर्थर वेलस्लीच्या इंग्रज फौजेने हा किल्ला भोसल्यांकडून घेतला. किल्लेदार बेनीसिंग लढता लढता तिथेच पडला.

सूनबाईंनी लहानपणी शाळेच्या सहलीत अकोला जिल्ह्यातला नरनाळा पाहिला होता. तिथला कोरीव महाकाली दरवाजाही याच फतेहउल्लाहच्या काळातला, १४८७ चा. "म्हणजे माझ्या माहेरचा दरवाजा आणि सासरचा दरवाजा एकाच माणसाचे," असे त्या पुतण्याला म्हणाल्या. ही गोष्ट पुतण्याने घरी आल्यावर आम्हाला निदान चार वेळा सांगितली.

पेट्रोल, जेवण आणि खालाच्या लेकरांसाठी मिठाई धरून सोळाशे रुपये लागले. ज्यांना एवढेही जमत नसेल त्यांनी मोर्शीजवळ सिंभोऱ्याला अप्पर वर्धा धरण पाहून संध्याकाळी घरी यावे, किंवा वरूडवरून मुलताईला जाऊन तापीचा उगम पाहावा. डबा घरचा असावा. किल्ल्यावर प्लास्टिक टाकू नये, मशिदीच्या दगडांवर नावे कोरू नयेत. जंगलाच्या वेळा पाळाव्यात.

राहिलेली एक फेरी

रविवारी रात्री दोघे परतले. भावजयांनी पाणी दिले आणि सहज विचारल्यासारखे विचारले, "गाविलगडावरची मशीद उभी आहे का अजून?"

सूनबाईंनी मोबाइलवर फोटो दाखवले. भावजय एकेक फोटो बोटाने मोठा करून बराच वेळ पाहत होत्या. मग म्हणाल्या, "तुझ्या सासऱ्यांनी नेतो म्हटलं होतं. लग्नाच्या पहिल्या वर्षी. मग हे जन्मले, मग बाग लागली, मग राहूनच गेलं."

खोलीत कोणी बोलले नाही. त्यांच्या कपाळावरच्या आठीमागे काय होते ते त्या दिवशी कळले. घरातली मोठी बाई नव्या सुनेला अडवते तेव्हा आपण तिला कजाग म्हणून मोकळे होतो. तिच्या वाट्याला न आलेल्या गोष्टींची ओल कुठून झिरपते, हे बाहेर जाऊन कोणी पाहत नाही.

यंदाचा पावसाळा जोरात झाला. पश्चिमेची भिंत कोरडी राहिली, अल्हम्दुलिल्लाह. सूनबाईंचा खोकला पुन्हा उठला नाही. त्यांच्या वहीत "दौरा" या नावाने नवे पान आहे, त्यात गेल्या वर्षीच्या उरलेल्या नऊशेपासून जमा सुरू आहे. डोळे भरण्याचा हंगाम लागण्याआधी, इन्शाअल्लाह, जीप ठरवून सगळेच जाणार आहोत. पुढची खिडकीजवळची जागा भावजयांची. ते सूनबाईंनीच ठरवले आहे.