मूत्रपिंडाची गाठ आणि सी.टी. स्कॅन

लघवीतून रक्त गेले की आपल्याकडे पहिला निदान घरातच होते. 'उन्हाळी लागली' म्हणून धने-जिऱ्याचे पाणी सुरू होते, नाहीतर मुतखडा समजून गोळ्या आणल्या जातात. उन्हात ऊस तोडणाऱ्या किंवा एम.आय.डी.सी.त पाळी करणाऱ्या माणसाला ही कारणे पटतात आणि पुष्कळदा ती खरीही असतात. परंतु काही न दुखता रक्त गेले, मग ते एकदाच जाऊन थांबले तरी, लघवीची तपासणी व सोनोग्राफी टाळू नये. मूत्रपिंडाचा किंवा मूत्राशयाचा कर्करोग अशा रीतीनेही सुरू होतो.

सोनोग्राफीत गाठ दिसली की घर हादरते. बारामती-इंदापूर भागातील कुटुंबांबरोबर दवाखान्याचे कागद घेऊन फिरताना आम्हांला एकच प्रश्न ऐकू येतो : "किडनी काढावी लागणार का?" बंधु-भगिनींनो, त्याआधीचा प्रश्न आहे : गाठ कोणत्या प्रकारची?

सर्व गाठी सारख्या नसतात

मूत्रपिंडाच्या कर्करोगाचे मुख्य प्रकार तीन. 'क्लिअर सेल' हा सर्वांत जास्त आढळतो. दर चार रुग्णांपैकी सुमारे तिघांना तोच असतो. त्यानंतर 'पॅपिलरी' आणि 'क्रोमोफोब'. क्लिअर सेल अधिक पसरणारा, तर क्रोमोफोब बहुधा संथ. शिवाय 'ऑन्कोसायटोमा' आणि चरबी असलेली 'अँजिओमायोलायपोमा' या गाठी कर्करोगाच्या नसतातच. चार सेंटिमीटरपेक्षा लहान म्हणून शस्त्रक्रियेने काढलेल्या गाठींपैकी सुमारे पाचांत एक निरुपद्रवी निघते. म्हणून प्रकार कळणे महत्त्वाचे. त्यावरून पूर्ण मूत्रपिंड काढायचे, फक्त गाठ काढायची की लक्ष ठेवून थांबायचे, हे ठरविण्यास मदत होते.

स्कॅन कसा ओळखतो?

सी.टी. स्कॅनचे यंत्र इंग्लंडमधील इंजिनिअर गॉडफ्रे हाउन्सफील्ड यांनी तयार केले. एच.एम.व्ही.च्या तबकड्या काढणाऱ्या ई.एम.आय. कंपनीत ते नोकरीस होते. १९७१ साली लंडनमध्ये पहिल्या रुग्णाचा स्कॅन झाला आणि १९७९ मध्ये त्यांना अॅलन कॉर्मॅक यांच्यासह नोबेल पारितोषिक मिळाले. स्कॅनमधील घनतेचे माप त्यांच्याच नावाने ओळखले जाते. त्यात पाणी शून्य, हवा उणे १०००. चरबी शून्याच्या खाली येते, म्हणून चरबीची गाठ साध्या स्कॅनमध्येही बहुधा ओळखू येते.

इतर गाठींसाठी शिरेतून आयोडीनयुक्त औषध देतात. त्या वेळी अंगातून गरम लहर गेल्यासारखे वाटते, घाबरू नये. औषधाआधी एकदा, अर्ध्या मिनिटाच्या सुमारास, दीड मिनिटाच्या सुमारास आणि गरजेप्रमाणे काही मिनिटांनी, अशी चित्रे घेतात. क्लिअर सेलच्या गाठीला रक्तपुरवठा भरपूर, म्हणून ती लगेच उजळते. पॅपिलरी मंद राहते. २०१३ साली लॉस एंजेलिसच्या कॅलिफोर्निया विद्यापीठातील डॉक्टरांनी पहिल्या उजळीची सरासरी मांडली : क्लिअर सेल १२५, ऑन्कोसायटोमा १०६, क्रोमोफोब ७४, पॅपिलरी ५४.

या आकड्यांतच स्कॅनची मर्यादाही आहे. १२५ आणि १०६ जवळजवळचे आहेत. म्हणजे कर्करोग आणि साधी गाठ यांत गल्लत होऊ शकते. दोन प्रकारच्या क्ष-किरण ऊर्जा वापरणारे नवे स्कॅन गाठीत आयोडीन किती शिरले हे मोजतात. त्याने अंदाज सुधारतो. तरीही शेवटचा निर्णय गाठीचा तुकडा सूक्ष्मदर्शकाखाली पाहूनच होतो.

कुटुंबाने काय करावे?

मुतखड्यासाठी काढलेला साधा स्कॅन येथे पुरत नाही. पैसे भरण्यापूर्वी चिठ्ठीवर कोणता स्कॅन लिहिला आहे, औषध देऊन सर्व टप्प्यांची चित्रे घेणार का, हे विचारावे. अर्धवट स्कॅन झाला तर पुण्याला पुन्हा तोच खर्च होतो आणि मजुरीचा दिवसही बुडतो.

रक्तातील क्रिएटिनिन आधी तपासून घ्यावे. मधुमेहाची मेटफॉर्मिन गोळी, पूर्वीची अॅलर्जी, दिवस गेले असण्याची शक्यता डॉक्टरांना सांगावी.

नुसता अहवाल नव्हे, फिल्म व सी.डी.ही मागून घ्यावी आणि सर्व कागद एकाच पिशवीत ठेवावेत. बारामतीत २०१९ पासून शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे, इंदापुरात उपजिल्हा रुग्णालय आहे. पहिली चौकशी तेथे करावी. पुढे पुण्याचे ससून, किंवा १९४१ पासून परळला असलेले टाटा रुग्णालय. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत कर्करोगाचे उपचार आहेत. मात्र स्कॅनचा खर्च त्यात बसतो का, हे रुग्णालयातील आरोग्यमित्रास आधी विचारावे. रेशनकार्ड व आधारकार्ड जवळ असू द्यावे.

घरात शिकलेला मुलगा किंवा मुलगी असेल, तर डॉक्टरांकडे जाताना त्यांना सोबत न्या. गाठ किती सेंटिमीटरची, कोणत्या प्रकारची वाटते, फक्त गाठ काढून मूत्रपिंड वाचेल का, हे तीन प्रश्न वहीत लिहून न्या आणि उत्तरेही तिथेच लिहून घ्या.