ओढ्याकाठचा नळ आणि सनईची पत्ती

पुणे-सातारा रस्त्यानं किकवीवरून पुढं जाताना लग्नसराईत सनई हमखास कानावर पडते. पण नीट पाहिलं तर बहुतेक मांडवांत वाजंत्री दिसत नाही. आवाज कर्ण्यातून येत असतो आणि सनई कुठंतरी आधीच मुद्रित केलेली असते. जिथं अजून माणूस सनई वाजवतो, तिथं त्याचं पहिलं दुखणं विचारलं, तर तो सुपारीच्या पैशाआधी पत्तीचं नाव घेतो. चांगली पत्ती मिळत नाही, मिळाली तर टिकत नाही आणि बनवणारे हात कमी होत चालले.

हा विषय शेतीच्या पानावर कशाला, असं कुणी म्हणेल. पण पत्ती ही शेवटी गवताची. गवत कुठं वाढतं, कधी कापायचं, किती वाळवायचं हे शेतकऱ्याला कळत नाही तर कुणाला कळणार?

पत्ती म्हणजे काय?

भाताची हिरवी काडी एका टोकाला चपटी करून ओठात धरून फुंकली की ती पिपाणीसारखी वाजते. लहानपणी हा उद्योग कुणी केला नाही? काडीच्या दोन बाजू एकमेकींवर आपटतात, मधली हवा थरथरते आणि सूर निघतो. सनईचं तत्त्व हेच. लाकडी नळीच्या तोंडाला धातूची बारीक नळी असते, तिच्यावर गवताच्या पातळ पापुद्र्यांची पत्ती बसवतात. वाजवणारा ती ओठांनी ओली करून दाबतो. जादा पत्त्या आणि पत्तीचं तोंड सारखं करायची सुई सनईलाच दोऱ्यानं बांधलेली असते, ती यासाठीच. काही लोकवाद्यांना ताडाच्या पानाचीही पत्ती लावतात.

उस्ताद बिस्मिल्ला खाँ (जन्म 1916, भारतरत्न 2001) यांचं जन्मगाव बिहारमधलं डुमराव. त्या भागात सोन नदीच्या काठी होणारं नरकट हे गवत सनईच्या पत्तीसाठी प्रसिद्ध आहे. दक्षिणेत नादस्वरमच्या पत्तीला सीवाळी म्हणतात. कावेरीकाठच्या बोरूपासून ती बनते आणि तमिळनाडूतलं तिरुवावडुतुरै गाव त्यासाठी ओळखलं जातं. त्याच भागातल्या नरसिंगमपेट्टैच्या नादस्वरमला 2022 साली भौगोलिक मानांकनही मिळालं. म्हणजे नदीकाठचं गवत आणि गावचा हुन्नर यांची सांगड कागदोपत्री बसू शकते.

परदेशी भावकी

युरोपात ओबो नावाचं वाद्य आहे, ते सनईच्याच घराण्यातलं. मोठ्या वाद्यवृंदात बाकीचे सगळे ओबोच्या सुरावर आपापली वाद्यं जुळवून घेतात. त्याची पत्ती बनते ती 'अरुंडो डोनॅक्स' या नळापासून. दक्षिण फ्रान्समधल्या व्हार जिल्ह्याचा नळ जगभर जातो. तिथली शिस्त आपण समजून घेण्यासारखी आहे. नळ दोन वर्षांचा झाला की हिवाळ्यात कापतात, कारण तेव्हा रस उतरलेला असतो. मग उन्हात फिरवून फिरवून सोनेरी होईपर्यंत वाळवतात आणि पुढं वर्ष-दोन वर्षं कोरड्या जागी ठेवतात. घाई केली की पत्ती चिरते नाहीतर वाकडी होते.

ओबोवाले बहुधा स्वतःची पत्ती स्वतः बनवतात आणि प्रत्येक माप लिहून ठेवतात. साधारण मापं अशी :

नळाचा व्यास : 10 ते 11 मिलिमीटर. कांडं सरळ हवं. ते उभं चिरून तीन फाका करतात.
आतून कोरल्यावर मध्यावरची जाडी : सुमारे 0.6 मिलिमीटर, कडेला त्याहून कमी.
दुमडून आकार दिल्यावर तोंडाची रुंदी : सुमारे 7 मिलिमीटर.
पितळी नळी : सुमारे 47 मिलिमीटर. हिच्यावर पत्ती दोऱ्यानं आवळून बांधतात.
एकूण लांबी : 70 ते 72 मिलिमीटर.
टोकाची जाडी : 0.1 मिलिमीटरच्या आसपास, म्हणजे वहीच्या कागदाएवढी.

टोक किंचित कापलं की सूर चढतो, जास्त खरवडलं की उतरतो. पत्ती जाड राहिली तर छाती फुटेस्तोवर फुंकावं लागतं, फार पातळ झाली तर ओठांखाली मिटते. इतकं करून ती पत्ती वाजते थोडे तास, मग नवी करायची. ही मापं ओबोची आहेत, सनईला जशीच्या तशी लावायची नाहीत. घ्यायची ती मोजून लिहून ठेवायची सवय.

आपल्याकडचे वाजंत्री नखानं, ओठानं आणि कानानं मोजतात. ते माप खोटं नाही, पण ते माणसाबरोबर जातं. म्हणून सांगणं एवढंच, की चांगली वाजणारी पत्ती मोडायच्या आत मोजा. व्हर्निअर कॅलिपर आता फार महाग राहिलेला नाही, हायस्कूलच्या प्रयोगशाळेतही असतो. लांबी, तोंडाची रुंदी, बुडाची रुंदी, टोकाची जाडी आणि थर किती, या पाच नोंदी पुरे. सोबत गवत कुठलं आणि कोणत्या महिन्यात कापलं तेही लिहा. बियाण्याची नोंद ठेवता, तशी हीही ठेवा.

कापताना सांभाळा

नदी-ओढ्याच्या ओलीत आपल्याकडे दोन प्रकारचे नळ आढळतात, एक अरुंडो आणि दुसरा फ्रॅगमायटीस. दोन्ही पोकळ आणि पेरांचे. कापायचा तर जुना, पिवळा पडलेला कापा. भेग पडलेला, किडका घेऊ नका. सगळं बेट साफ करू नका, मुळं काठाची माती धरून ठेवतात.

एक इशारा मात्र नीट वाचा. घाटमाथ्यावर ढवळ नावाचं झाड होतं, काही जण त्यालाच देवनळ म्हणतात. त्याचाही दांडा पोकळ असतो. पण ते विषारी आहे. त्याची पत्ती किंवा पिपाणी करून तोंडात धरू नका, पोरांनाही धरू देऊ नका.

आणि नळ लावून पैसा होईल, या भ्रमात कुणी राहू नये. अरुंडो हे जगातल्या शंभर उपद्रवी आक्रमक जातींच्या यादीतलं गवत आहे. कालव्यात, चारीत ते शिरलं तर काढता काढता नाकी नऊ येतात. आहे ते बेट सांभाळा, नवीन लागण नको.

ग्रामपंचायतीसाठी

जैवविविधता कायदा 2002 नुसार प्रत्येक ग्रामपंचायतीची जैवविविधता समिती आणि लोकांची नोंदवही असते. पुष्कळ गावांत वही कपाटात असते. तिच्यात नळाचं बेट कुठं आहे, त्याचा उपयोग काय आणि पत्ती करणं कुणाला येतं, हे चार ओळींत लिहिता येईल. ज्याचं ज्ञान, त्याला विचारूनच लिहावं. ओढा खोलीकरणाला यंत्र लावण्याआधी ती नोंद पाहिली, तर एखादं बेट वाचेल. यंत्राला गवत आणि पत्ती यातला फरक कळत नसतो, तो आपणच सांगावा लागतो.

येत्या हिवाळ्यात गावातल्या जाणत्या वाजंत्र्याला घेऊन एकदा ओढ्याकाठनं फिरून या. कोणता नळ कामाचा आणि कोणता नाही, हे तो हातानं दाबून सांगेल. ते ऐकताना वही-पेन मात्र बरोबर असू द्या.