भूमिकाखेळातील युद्धनियम

टेबलाभोवती बसून काल्पनिक पात्रांच्या भूमिका घेऊन खेळावयाच्या बैठ्या खेळात चकमकींचा निकाल ठरविणारे नियम. त्यांचे मूळ प्रशियन सैन्यातील ‘क्रीगश्पील’ या युद्धखेळात आढळते. राइसवित्स या अधिकाऱ्याने १८२४ मध्ये मांडलेल्या या खेळात नकाशावरील तुकड्यांची हानी फासे व कोष्टके यांवरून ठरे. गॅरी गायगॅक्स व डेव्ह आर्नसन या अमेरिकनांच्या ‘डन्जन्स अँड ड्रॅगन्स’ (१९७४) या खेळात तुकडीच्या जागी एकेक पात्र आले. युद्धखेळात एका घावात सैनिक बाद झाला, तरी चाले. परंतु स्वतःच्या पात्राविषयी जिव्हाळा वाटू लागलेल्या खेळाडूंना ते रुचेना. म्हणून आर्नसन यांनी पात्रांना जीवनगुण दिले. घाव लागला की ते घटतात. त्यामुळे माघार घेण्यास अवसर मिळतो. घाव लागला की नाही, हे वीस पृष्ठांच्या फाशाने ठरते : १५ वा अधिक दान आवश्यक असल्यास यशाची शक्यता ३०% असते, चिलखत भारी असल्यास ती घटते. खेळातील जगाचा तपशीलही या नियमांशी सुसंगत असावा लागतो. जेथे मंत्राने जखमा तत्काळ भरून येतात, तेथे युद्धाचे भय उरत नाही आणि माघारीच्या निर्णयालाही अर्थ राहत नाही. नियमांत न बसणाऱ्या कृतींचा निर्णय सूत्रधार देतो.