अंध प्रेक्षकांसाठी श्राव्य वर्णन

नाटकाचे संवाद ऐकू येतात, मग अंध प्रेक्षकाला आणखी काय हवे, असे अनेकांना मनापासून वाटते. पण रंगमंचावर बरेच काही न बोलता घडते: पत्र फाडले जाते, कोणी पाठ फिरवते, प्रकाश मंदावतो. श्राव्य वर्णन (संवादांमधल्या विरामांत दृश्य थोडक्यात सांगणे) हेच हेडफोनमधून पोचवते. रेडिओवरचे क्रिकेट समालोचन आठवा. फक्त इथे पात्र बोलत असताना शक्यतो गप्प राहायचे.

वर्णनकार गोष्ट समजावून देतो, हाही गैरसमजच. ‘ती दुःखी आहे’ असे न म्हणता तो ‘तिने मान खाली घातली’ म्हणतो. अर्थ प्रेक्षकच लावतो, आणि तो त्याचा हक्क आहे. दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा, २०१६ च्या कलम २९ नुसार कला सुगम करण्यासाठी पावले उचलणे ही शासनाची आणि स्थानिक प्राधिकरणांची जबाबदारी आहे.